चंद्रापायी गेलेली मिशी

सेनगाव, सोमवार, दिवेलागण

ह्यांचं बिनमिशीचं तोंड डोळ्यासमोरून हलेना. सकाळी मोबाईलवर मेसेज आला: दुसऱ्या आकाशगंगेत राहणारे तुमचे चुलते वारले, अख्खा चंद्र तुमच्या नावे करून गेलेत, आधी फी भरा. मी म्हटलं, फसवून राहिलेत. हे म्हणाले, "भावकीतलं मानूस गेलं. सुतकात व्यवहार करत न्हाईत." अन् लग्नाआधीपासूनची मिशी उतरवून आले!

दुपारी शेजारचे रशीदभाई आले. त्यांचेही चुलते वारले म्हणे, तोच चंद्र त्यांच्याही नावे! तेव्हा कुठं ह्यांना उमगलं.

सुतकानं पैसे वाचले, व्हय. पर मिशी? आता म्हणून राहिले, पोलिसात चल. जाईन की. पर काय गेलं म्हणून लिहून द्यायचं?