आठ आण्यांचं वजन

मु. आक्षी, ता. अलिबाग

प्रिय दिनानाथ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील अशी भीती वाटली. न्हावा शेव्याला तुझ्या मुलाकडचा पत्ता तीन जणांना विचारून घेतला आहे. तरीही हे पत्र भलत्याच दिनानाथाच्या हाती पडलं असेल, तर त्याने कृपया इथेच थांबावं.

आपलं मशीन चालू करायचं मनात आलं आहे. लग्नात तबकड्या वाजवायचो, तेच. सदतीस वर्षं माळ्यावर पडून होतं. दिवाळीत आमच्या हिने, जयमालाने, माळा झाडायला काढला आणि मला वर चढवून खालून विचारलं, "ह्ये जातंय भंगारात, की तुमी जाता?" मग उतरवलं. तेलपाणी केलं, आतलं रबरी चाक घासलं, आणि बघतो तर थाळी गरगर फिरायला लागली. दोन दिवस नुसती फिरवत बसलो. जयमाला म्हणाली, त्यावर भात वाढू का? पण सुई गेलेली. नुसती सुई नाही, ती ज्यात बसते ते अख्खं कार्ट्रिजच मेलेलं.

अलिबागला स्टँडमागे कल्पिता नावाची एक बाई बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवते. मशीन गोधडीत गुंडाळून रिक्षातून तिच्याकडे नेलं. तिने समोर दोन डब्या ठेवल्या. एक मॅग्नेटिक, एक सिरॅमिक. मॅग्नेटिकचा आवाज गोड, पण आपल्या जुन्या अँप्लिफायरवर तो डास गुणगुणल्यासारखा येणार, त्यासाठी मध्ये आणखी एक डबा लावायला हवा. सिरॅमिक सरळ बसतं, आवाज मात्र जरा जाडाभरडा. आता तूच सांग, मी सातवी नापास माणूस, कसं ठरवू? खाऱ्या हवेत गंजेल का, मध्येच लाइट गेली तर सुई तुटेल का, चार रंगांच्या चार तारा उलट्या लागल्या तर मला शॉक बसेल का, सगळं विचारलं. सातव्या प्रश्नाला तिने माझ्यासाठी चहा मागवला आणि नवव्याला तो स्वतःच प्यायली. विचार करतो म्हणून स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिने दारातच गाठलं. "आजोबा, सुई घेताय की सून?" शेवटी सिरॅमिक घेतलं. आपल्या भोंग्यांना गोड आवाजाची सवय कधी होती?

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. जुनं कार्ट्रिज काढताना तिला मशीनच्या सुई धरणाऱ्या हाताच्या टोकावर चिकटपट्टी दिसली. पट्टीखाली आपले आठ आणे, तसेच. हे काय म्हणून तिने विचारलं, तर मी छाती पुढे काढून सांगितलं की ही आमच्या धंद्यातली खुबी आहे. वरातीत पोरं नाचायला लागली की अंगण हलायचं, सुई उडायची, म्हणून डोक्यावर वजन. ती हसली नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा काढून तिने नाणं तोललं. बरोबर पाच ग्रॅम. मग मला समजावलं की त्या हाताचा सुईवरचा मूळ भारच पाच ग्रॅम, वर हे पाच. "आजोबा, तुम्ही तबकडीवर सुई नाही, नांगर धरला होता."

दिनानाथ, त्या दुकानात मला चौलचं लग्न आठवलं. तुलाही आठवत असेल. नवरी उंबऱ्यावर, करवल्या फिदीफिदी हसतायत, आणि आपली तबकडी एकाच ओळीवर अडकलेली. त्याआधीही चार-पाच गेल्या होत्या. सगळ्या मांडवादेखत मी तुला म्हणालो, याच्या हातात तबकडी दिली की हा वीट समजून धरतो. तू दोनदा सांगितलं होतंस, रत्ना, ते नाणं काढून तरी बघू. मी म्हटलं, तुला काय कळतं. त्या दिवशी तू खांबावर चढून भोंगा उतरवलास आणि खाली येऊन वाटणी मागितलीस. पंच तरी कसले, मशीन मला दिलं आणि तबकड्या तुला. एकाला विहीर, दुसऱ्याला राहाट.

तबकड्या मीच चिरत होतो, आणि दोष सदतीस वर्षं तुझ्या हातांना दिला. भावकीत दिला, नाक्यावर दिला, माझ्या मुलांनाही तसंच सांगत आलो. मुलांना परवा खरं सांगितलं. नाक्यावरही सांगितलं, पण तिथले निम्मे ऐकणारे आता उरले नाहीत. तुला सांगायचं राहिलं होतं, आणि ते सुईच्या निमित्ताशिवाय जमलं नसतं. चुकलो रे.

नवं कार्ट्रिज बसवून आठ दिवस झाले. अजून ते कशालाच लागलेलं नाही, कारण घरात वाजवायला एकही तबकडी नाही. कल्पिता स्वतःकडच्या दोन देत होती, मी घेतल्या नाहीत. तू ये. करंजाहून रेवसला तरीची बोट आहे, रेवसला मी येऊन उभा राहीन, सकाळपासून राहीन, नाहीतरी मला घरी धीर धरवणार नाही. तबकड्यांच्या दोन पेट्या आहेत ना तुझ्याकडे? दोन्ही एकदम उचलू नकोस, या वयात कंबर धरेल. या खेपेला एकच आण. दुसरीसाठी परत यावं लागलं तर लागू दे.

तुझाच,
रत्नपाल