घरचा शीण

ठाणे, सोमवार, ता. ९ जानेवारी १८९३

खोटं बोलले. शकूला मांडीवर घेऊन, डॉक्टरांच्या तोंडावर. त्यांनी विचारलं, "बाई, घरात आणखी कुणाला असा थकवा आहे?" मी म्हटलं, "छे! कुणाला नाही." हेमा शेजारीच उभी होती. माझी सून, आणि माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. तिनं मान खाली घातली. तिचं माहेर तेच माझं माहेर. तिला का ठाऊक नाही?

नात अडीच वर्षांची. चार पावलं टाकली की बसते. डोळे पिवळट, नखं मेणासारखी, डाव्या बरगडीखाली पांथरी वाढून दगड झालेली. हेमाचा थोरलाही असाच गेला, दोन वर्षांचा होऊन. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. शकूनं ते माझ्या पदरावर थुंकलं. डाग धुतला, निघत नाही.

बुधवार, ता. ११

आमच्या माहेरी त्याला आजार म्हणत नसत. शीण म्हणत. आईला शीण, भावाला शीण, मला शीण. जिना चढले की छाती धडधडते, दुपारी पाय शिशाचे होतात — लहानपणापासून. भाऊ काळुराम म्हणतो, "बापजादे मिठागरात वाकून वाकून दमले, ते दमणं आपल्या वाट्याला आलं, अक्का!" हसायचं आणि बसायचं. बाहेर मात्र अक्षर काढायचं नाही. आमच्या मुली मग कोण करील?

आई उठतच नसे, म्हणून तर बाबांनी मला मुंबईला ख्रिस्ती मदरांच्या शाळेत ठेवलं. पाच वर्षं! गावात केवढा बोभाटा. परत आल्यावर पंचगव्य पाजून शुद्ध करून घेतलं. पण तो ओसरीवरचा साबणाचा वास, दोरीवर वाळणारे पांढरे झगे अजून डोळ्यांसमोर आहेत. मदर क्लेअर म्हणायच्या, "दमलीस? मग बसून शिव." आळशी म्हणून कधी हाक मारली नाही. साऱ्या जन्मात तेवढी एकच जागा.

शुक्रवार, ता. १३

काळुराम कळव्याहून आला. दारातूनच, "अक्का, थोरली दिली, आता धाकटीही घे!" म्हणजे तुळसा, आमच्या धाकट्या आनंदाला. बारा वर्षांची. आनंदा लाजून मागच्या दारानं पसार. भाच्यानं मामाची मुलगी करायची, यात विचारायचं काय? फाल्गुनातला मुहूर्तसुद्धा पाहून आला आहे.

थोरल्या गणूला हेमा केली तेव्हा तर ही युक्ती माझीच होती. हे तेव्हा नुकतेच गेले होते. परकी सून आली असती तर दमलेल्या नवऱ्याला हसली असती. हेमा परक्या घरी गेली असती तर तिला आळशी म्हणून डागलं असतं. त्यापेक्षा झाकली मूठ. दोघं दमलेली, एकमेकांना समजून घेतील. किती शहाणी समजत होते मी स्वतःला!

मंगळवार, ता. १७

कल्याणला लेकीकडे जाऊन आले. गोदाचे तिन्ही मुलगे अंगणात धुडगूस घालत होते. मधला मात्र खेळता खेळता उंबऱ्यावर टेकला. तिची सासू म्हणते कशी, "विहीणबाई, हा तुमच्यावर गेला हो! देवानं पाय दिले, पण हा बसायलाच जागा शोधतो." सगळ्या हसलो. मीही हसले.

घरी आल्यावर हसू उतरलं. गोदाला माझा शीण आहे. तिच्या मुलालाही आहे. पण तो जगला आहे. तिन्ही जगली आहेत. तिचा नवरा परक्या घरचा, मुरबाडकडचा.

गुरुवार, ता. १९

मदर क्लेअर एकदा सांगत होत्या, त्यांच्या धर्मात कुणाचं कुणाशी लग्न लागत नाही ते. मामाची मुलगीसुद्धा चालत नाही! मी उभी राहून विचारलं, "मग मामा असतो कशाला?" वर्ग हसला, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या गावी एक घर होतं, पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं करणारं. पाळणे पुष्कळ, पोरं थोडी.

चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं.

आईकडून मला आणि काळुरामाला. माझ्याकडून गणूला, काळुरामाकडून हेमाला. एका बाजूनं आला तर माणूस दमतो, बसतो, जगतो. दोन्ही बाजूंनी आला तर...

शकू माझ्याकडे बघून हसते आहे. पुढे लिहवत नाही.

शनिवार, ता. २१

डॉक्टरांकडे एकटी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर औषध होतं का?"

"नाही." मग, "तुम्ही म्हणता तसंच आहे, असं पुस्तकात नाही. पण अशा घरांतली मुलं मी पाहिली आहेत, बाई. घरात आणखी लग्न निघालं असेल तर थांबवा."

सोमवार, ता. २३

शकूनं आज पाणीसुद्धा घेतलं नाही.

गुरुवार, ता. २६

शकू गेली. सकाळी, माझ्याच मांडीवर. इतकी लहान की जाळत नाहीत, पुरतात. गणूला खड्ड्यापर्यंत चालवेना, त्याच्या धाकट्या भावानं नेली.

भेटायला आलेल्या बायकांत कुणी तरी पुटपुटलं, "सून पांढऱ्या पायाची." हेमानं ऐकलं. मीही ऐकलं. आणि गप्प बसले. देवा, गप्प बसले!

बुधवार, ता. ८ फेब्रुवारी

काळुराम मुहूर्ताचं पक्कं करायला आला. मी म्हटलं, लग्न होणार नाही. का ते सांगितलं. दोन्ही मुलांसमोर.

"वेड लागलं तुला! त्या मदरांनी बाटवलं ते अजून उतरलं नाही."

"तुझ्या एका मुलीची मुलं मी मारली. दुसरीची मारणार नाही."

"लोक विचारतील लग्न का मोडलं. काय सांगू?"

"सांग, अक्काच्या घरात खोट आहे. माझं नाव घे."

"तुझं घर आणि माझं घर वेगळं केव्हापासून झालं?"

पाण्याचा तांब्या तसाच ठेवून तो निघाला. अंगणात दम लागून दोनदा थांबला. धावत जाऊन हात द्यावासा वाटला. माझा धाकटा भाऊ. दिला नाही. वळून पाहिलं तर हेमा दाराशी उभी. किती वेळ, कोण जाणे.

शनिवार, ता. १८

तुळसाचं भिवंडीला ठरलं. परकं घर, नात्यातलं कुणी नाही. आम्हाला बोलावणं नाही. बरं झालं! रडू आलं, तरी बरं झालं.

मंगळवार, ता. २१

हेमा चुलीपाशी येऊन बसली. "आत्या," म्हणाली. लग्नानंतर आज पहिल्यांदा. "शकू होती तेव्हाच दिवस राहिलेत. तिसरा महिना सरत आला. बाबांना सांगितलंत ते मला सांगा — यालाही?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही, बाळ.

भाकरी तव्यावर करपली. उतरवायला दोघींनाही उठवेना.