दुसरी बाही

प्रिय दादा,

आणि हो, तो साप म्हणजे तुझाच टाय होता. परवा मी फोटो पाठवला तेव्हा तू नुसता अंगठा दाखवलास आणि ‘भारी साप’ असं लिहिलंस. मला वाटलं होतं ओळखशील. मरून रंग, त्यावर बारीक राखाडी रेघा, तुझ्या पहिल्या नोकरीसाठी वहिनीने आणलेला. आता त्याच्या पोटात चिंध्या आहेत, डोळ्यांच्या जागी दोन न जुळणारी बटणं आहेत आणि तो आमच्या वर्कशॉपचा हीरो झालाय. मुलं त्याला गळ्यात घालून हॉलभर फिरतात. तू घालायचास तेव्हा गळ्यात दावं बांधल्यासारखा दिसायचास, त्यामुळे टायचं भलंच झालं म्हणायचं.

पुढचं सांगणार होते, तेवढ्यात तू ‘मीटिंग आहे, नंतर करतो’ म्हणालास. म्हणून उरलेलं लिहून पाठवते. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसू नकोस. मुद्द्याकडे बघ.

तर वर्कशॉप जोरात चाललंय. तूच म्हणाला होतास ना, की रविवारी सकाळी कोण झोप सोडून जुन्या डब्यांशी खेळायला येणार? ये आणि बघ. लायब्ररीच्या मागच्या हॉलमधल्या खुर्च्या पुरत नाहीत, लोक सरळ फरशीवर मांडी घालतात. माझे नियम दोनच. एक, मुलाला सोडून निघून जायचं नाही, घरातलं एक मोठं माणूस शेजारी बसलंच पाहिजे. दुसरा, नवीन काहीही विकत आणायचं नाही. घरातल्या ज्या वस्तूला वर्षभर कोणाचा हात लागला नाही, तीच आणायची. या दुसऱ्या नियमावर मी फार खूश होते. एक दाताचे डॉक्टर येतात मुलाला घेऊन. पहिल्या वेळी कोपऱ्यात फोन घेऊन उभे होते, आता वर्तमानपत्राच्या सुरळ्या वळताना खळीच्या वाटीवरून पोराशी भांडतात. मुलगा मला गुपचूप सांगतो, बाबांना थोडी कमी द्या, ते फार सांडतात.

तुझी भिंगरी माझ्यासोबत येते. वहिनीची रविवारी हॉस्पिटलात ड्यूटी असते, म्हणून तिचं मोठं माणूस मी. म्हणजे कागदावर. खरं तर तीच मला सांभाळते. कांद्याच्या सालीचं पाणी उकळून कापड रंगवायचं होतं तेव्हा मी पातेलं विसरून गप्पा मारत बसले, तर हिने कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर विचारलं की आत्या, तुझं लक्ष कुठेय. थेट तुझा आवाज.

आणि मटेरियल काय आणायची, दादा. बाकीची मुलं दह्याचे डबे, फाटक्या उशा, तुटकी छत्री आणतात. भिंगरीची पिशवी उघडली की सगळे मान वर करून बघायचे. आधी टाय. मग एक मोठा रेनकोट, त्याचे आम्ही छोट्यांसाठी एप्रन शिवले, आता खळ सांडली तरी कपडे वाचतात. मग हेल्मेट आलं. ते उलटं टांगून त्यात पुदिना लावलाय, लायब्ररीवाल्या बाई रोज पाणी घालतात. मग व्हिजिटिंग कार्डांचा अख्खा खोका. ती भिजवली, कुटली, लगदा जाळीवर पसरून वाळवला. तू आत्ता हातात धरलायस तो कागद त्याचाच आहे. मधेमधे निळे ठिपके दिसतायत ना? तो तुझ्या कंपनीचा लोगो होता.

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मी आपली खूश, की आमची पोरगी सगळ्यात भारी मटेरियल आणते. मग एका रविवारी तिने पिशवीतून तुझे डोंगर चढायचे बूट काढले. आत अजून माती होती, आपण तिघं शेवटचं गेलो होतो तेव्हाची. मी विचारलं, आईला विचारून आणलेस ना? ती लेस सोडवत अगदी सहज म्हणाली, “हो. बाबाच्या कपाटातलं सगळंच चालतं, आत्या. वर्षभर कोणी हातच नाही लावला.”

नियम माझाच. बूट तसेच टेबलाखाली ठेवले आणि म्हटलं, याचं काय करायचं ते मला अजून सुचलं नाही.

भांडायला लिहीत नाहीये, शपथ. सहा महिन्यांचं काम म्हणून तू गेलास, मग काम वाढलं, मग प्रमोशन आलं, मग दर वेळी पुढचा महिना. तू पैसे पाठवतोस, रोज फोन करतोस, हे सगळं मला दिसतं. वहिनी पण काही म्हणत नाही. मी विचारलं तर म्हणाली, कपाट रिकामं झालं तर भिंगरीची पुस्तकं ठेवता येतील. हसून म्हणाली. तिचं ते हसणं तुला माहितीये.

गेल्या रविवारी मात्र वहिनी स्वतः आली, ड्यूटी बदलून. तिने पिशवीतून तुझा हिरवा स्वेटर काढला. तिनेच विणलेला, लग्नाच्या आधी, ज्याची एक बाही जरा लांब झाली होती आणि तू ती दुमडून घालायचास. भिंगरीला त्या लोकरीची कान असलेली टोपी हवी होती. लोकर कुठून सुटते ते वहिनीलाच ठाऊक. तिने खांद्यापाशी नखाने चाचपलं, गाठ सापडली आणि बाही सरसर उसवायला लागली. नूडल्ससारखी वळलेली लोकर, ढीगच्या ढीग. लड करायची म्हणजे समोर कोणालातरी दोन्ही हात पुढे धरून बसावं लागतं. भिंगरीचे हात चिमुकले, त्यावरून लोकर घसरत होती. मी बसायला गेले तर वहिनी म्हणाली, राहू दे, आणि खुर्चीच्या पाठीवर गुंडाळायला लागली.

लांब बाही संपली. भिंगरीने लगेच दुसरी बाही पुढे केली. वहिनीने ती हातात घेतली, सरळ केली, घडी घातली. म्हणाली, “ही पुढच्या रविवारी. तोवर राहू दे.”

दादा, वहिनी कुठलंही काम अर्धं सोडत नाही. तुला माहितीये. मला माहितीये. म्हणून हे पत्र. स्वेटर माझ्याकडे आहे, एका बाहीचा, आणि शेजारी लोकरीची लड. रविवारी दहाला सुरू करतो आम्ही. भिंगरीला मोठं माणूस लागतंच, माझा नियम आहे, आणि मी आता त्या जागेवर बसणार नाही. रिकामी ठेवणार आहे. तुला काही शिवायला-विणायला येत नाही हे जगजाहीर आहे, पण समोर दोन हात धरून बसायला काय यावं लागतं? तेवढं तू नक्की करशील, मला जराही शंका नाही. बुटांवरची माती मी पुसलेली नाही. फक्त एक ठरायचंय, आणि ते वहिनीला विचारायची माझी हिंमत नाही. त्या लोकरीची भिंगरीला टोपी करायची, की बाही परत विणायची? तुला काय वाटतं?

तुझीच, लहानपणापासून तुझ्या मागे मागे फिरणारी,
शेपूट