आतल्या दालनाचं व्रत

सेकाक, ३ फेब्रुवारी

ती. पेत्रोनाताईस,
रोसेंदाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले दोरे पोचले. गुहेच्या समितीने मला नाताळातच वाटाडी केलं. गावातली पहिलीच बाई म्हणून सासूबाई घरोघर सांगून आल्या.

पण ताई, आतल्या दालनात जाणाऱ्याने आधी तीन दिवस नवरा-बायकोचं अंथरूण वेगळं ठेवायचं, ही आपली रीत. पूर्वी म्हातारी माणसं पेरणीआधी एकदाच जात, कोपलचा धूप जाळून डोंगराच्या धन्याची, त्या देवाची, परवानगी मागत. कोणाला जड गेलं नाही. आता गुहा बघायला पाहुणे रोज येतात, त्यामुळे नाताळापासून माझं व्रत सुटलेलंच नाही! मार्कोस आईकडे निजतो. बाकीचे चारही वाटाडे विधुर नाहीतर सत्तरीचे, त्यांच्या हे ध्यानातसुद्धा येत नाही.

परवा मार्कोस म्हणाला, इथे असून नसल्यासारखाच आहे, तर भावाबरोबर उत्तरेला तेलताडाच्या मळ्यावर मजुरीला जातो. महिनाअखेरच्या ट्रकमध्ये जागाही सांगून आलाय. काम सोडून देऊ का गं? गुहेवर माझा फार जीव आहे. नवऱ्यावर त्याहून जास्त.

तुझीच,
रोसेंदा

कोबान, ९ फेब्रुवारी

चि. रोसेंदास,
उदंड आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले. लग्नाला सात महिने नाहीत झाले, आणि तुमच्या दोघांमध्ये हा एवढा डोंगर कुठून येऊन निजला! मग मात्र त्या म्हाताऱ्यांचा राग आला.

काम सोडायचं नाही. चोरून व्रत मोडायचं तर मनातही आणू नकोस, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. सरळ समितीच्या सभेत उभी राहा आणि सांग. लाज वाटली तर ताईने सांगितलंय म्हण, मी गावात वाह्यात म्हणून प्रसिद्ध आहेच. मार्कोसला म्हणावं, थोरल्या मेहुणीचा हुकूम आहे, सभेपर्यंत हलायचं नाही.

मला काळजी वाटते गं. ताडाच्या मळ्यावर गेलेली किती माणसं परत आली, तूच मोज. लगेच कळव.

तुझी ताई,
पेत्रोना

सेकाक, २८ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभेत बोलले! सगळे म्हातारे जमिनीकडे बघत बसले आणि मार्कोस कानापर्यंत लाल झाला. एका पोराने सुचवलं, व्रतच काढून टाकू. त्याला मीच आडवी गेले. परवानगी न मागता आत शिरायचं, तर आपल्यात आणि गुहेतली जुनी मडकी चोरणाऱ्यांत फरक काय राहिला? मग समितीच्या म्होरक्याची बायको, एर्मेलिंदाआजी, उठली. म्हणाली, आमच्या ह्यांचं व्रत दहा वर्षं अखंड चालू आहे, त्यात काडीचे कष्ट नाहीत, तरुणांचं बघा. लोक हसून हसून लोळले.

ठरलं असं की आतलं दालन महिन्यातून तीनच दिवस उघडायचं. बाकी दिवस पाहुण्यांनी गुहेच्या तोंडापर्यंत यावं, टर्कीचं कालवण खावं आणि जावं. पाहुणे आणणारा शहरातला सहलवाला रुसलाय. रुसू दे.

तरी मार्कोसने आज सकाळी गाठोडं बांधलंच. ट्रकने दोनदा भोंगा वाजवला. तो बाहेर गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, तुम्ही निघा, मी समितीत वाटाड्या म्हणून नाव घातलंय. मग मला म्हणाला, व्रत धरायचं तर दोघांनी एकदमच धरू आणि सोडूही एकदमच.

ताई, मी चुलीपाशी बसून रडले. त्याने विचारलं, धूर लागला का. मी हो म्हटलं. चूल पेटवलेलीसुद्धा नव्हती.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
रोसेंदा