डावीकडचा पेला

उस्मानाबाद,
भाऊबीजेनंतरचा गुरुवार, १९४८

प्रिय व्यंकट,

निजामाचं राज्य बुडालं, फौज शरण आली, परवापर्यंत मिशा पिळणारे आता रस्त्यानं खाली बघत चालतात. पण या घरात एका बाटलीच्या तोंडाला बसेल असं बूच आठवडाभर मिळालेलं नाही, हेही इतिहासात कुणीतरी नोंदवून ठेवलं पाहिजे. मक्याचं बुरकुंड तासून बसवलं, ते फुगलं. तेलाच्या शिशीचं बूच लावलं, ते आतच पडायला निघालं. शेवटी महादेवीनं चिंधीचा बोळा करून दिला आणि वर ऐकवलं, "व्यंकटभावजी असते तर त्यांनी एव्हाना काहीतरी युक्ती काढली असती." तू इथून शंभर कोसांवर निर्मळच्या शाळेत मास्तरकी करतोस, तरी माझ्या स्वयंपाकघरात तुझा मुक्काम कायम आहे.

बाटली जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांच्या बंगल्यावरची. हैदराबादेस कायमचे जाताना साहेबांनी खानसाम्याच्या हाती पाठवली. निरोप होता, "जीतनेवाले का हक है." निम्मी भरलेली आहे. हा निरोप मी महादेवीला तीनदा सांगितला. तिनं तीनदा विचारलं, "भावजींना काय पाठवलं?"

त्या बंगल्यावर तुला मीच नेलं होतं. गुरुवारचं बुद्धिबळ हे माझं एकट्याचं संस्थान, आणि तिथं तुला बरोबर घेऊन जाण्याची बुद्धी मला कुठल्या ग्रहानं दिली देव जाणे. दोन महिन्यांत पट टेबलाखाली गेला आणि वर तुझं नाक आलं. साहेबांना नाद तो विलायतेतल्या बेटांवरच्या व्हिस्कीचा. एकाच भट्टीची, बिनमिसळ, आणि धुराची. तिकडं म्हणे दलदलीतली वाळकी माती जाळून तिच्यावर जव सुकवतात आणि तो धूर दाण्यात उतरतो, आपल्याकडं आगटीचा धूर हुरड्यात उतरतो तसा. तू घोट जिभेवर फिरवून सांगायचास, आधी टिंक्चरचा वास येतो, मग मीठ, आणि गिळल्यावर करपलेला गूळ. साहेब मांडीवर थाप मारायचे. मग माझ्याकडं वळायचे, आणि मी म्हणायचो, "धूर." दुसरा पेला आला की म्हणायचो, "हाही धूर, जरा जास्त." साहेब हसायचे ते सोसलं असतं. खानसामा हसायचा. ज्या जिभेवर इतकी वर्षं वकिली केली, ती पेल्यात बुडवली की मुकी व्हायची. महादेवीला मी सांगून ठेवलं होतं की गळ्यात लिंग आहे, मी नुसता हुंगतो, पितो तो व्यंकट. तर ती म्हणाली, "ते पीत असतील, पण चवीनं पितात."

संक्रांतीच्या आधीचा तो गुरुवार तू विसरला नसशील. तिरंगा लावला म्हणून आमचा धाकटा भाऊ ईरण्णा तुरुंगात होता आणि तापानं इतका खंगला होता, की मला भेटला तेव्हा माझं नाव आठवायला त्याला वेळ लागला. माझ्या खिशात त्याच्या जामिनाचा अर्ज. तुझ्या खिशात निर्मळची बदली रद्द करण्याचा, कारण तुझी म्हातारी आई, गजरामावशी, तेरखेड्याला एकटी, आणि तिची नजर गेलेली. साहेबांचा न्याय ठरलेला होता. पेल्यावरून बाटली ओळखण्याच्या खेळात जिंकेल त्याचा अर्ज त्याच दिवशी टेबलावर, हरेल त्यानं टपालानं पाठवावा. टपालानं म्हणजे विहिरीत. एकमेकांच्या खिशात काय आहे ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं, आणि वाटेत दोघंही थंडीबद्दल बोलत गेलो.

साहेबांनी तीन बाटल्यांना लोकरीचे मोजे चढवले होते. नावं त्यांचीच: दवाखाना, समुद्र, बारूद. दवाखाना तुझ्यासारखाच मीही ओळखला. तो मेलेल्या माणसानंही ओळखला असता. राहिले दोन पेले आणि समुद्र कधी नकाशाबाहेर न पाहिलेले आपण दोघं. साहेब म्हणाले, "मास्टर, पहले आप." मलाच का नाही आधी, हे मला तेव्हाही लागलं. तू डावीकडचा पेला उचललास, डोळे मिटलेस, बराच वेळ थांबलास आणि म्हणालास, "समुद्र." माझं नाक सर्दीनं बंद. दोन्ही पेले मला पाण्यासारखे. ईरण्णाची आठवण आली आणि पुढ्यात तुझे ते मिटलेले, तृप्त डोळे दिसले. मस्तकात तिडीक गेली. तू समुद्र म्हणालास एवढ्याचसाठी मी म्हणालो, "डावा बारूद."

मोजा उतरला. बारूदच होता.

दिवस मावळायच्या आत ईरण्णा घरी आला. महिनाअखेर तू निर्मळला गेलास. मोटारीपाशी तुला निरोप देताना मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो, "व्यंकट, नाकाचेही दिवस असतात." तू नुसता हसलास आणि म्हणालास, "व्हय वकीलसाहेब."

तर मागच्या आठवड्यात ही बारूदची बाटली घेऊन मी कळंबला निघालो होतो. काम कोर्टाचं, पण खरा हेतू तिथल्या वकीलमंडळींना जळवण्याचा. आधी वाट वाकडी करून तेरखेड्याला उतरलो, कारण महादेवीनं गजरामावशींसाठी करंज्या दिल्या होत्या. येरमाळ्याच्या पुढं मोटारीनं असे काही दणके दिले की बूच उडून कुठं गेलं ते कळलं नाही आणि माझा कोट एका बाजूनं भिजला. मावशी दारातच बसल्या होत्या. मी पायरीलाही पोचलो नव्हतो, तर त्या म्हणाल्या, "कोण रं? कुणाचं भुईनळं उडवून आलास?" मी म्हणालो, मी कल्याणप्पा, आणि हे अंगावर औषध सांडलंय. तर म्हणाल्या, "कशाचं औषिद? बारूद हाय ही. आमच्या व्यंकूला इचार, पाळण्यात हुता तवापासून ह्योच वास त्येच्या नाकात हाय."

गाव फटाके करणाऱ्यांचं, अंगणोअंगणी सुपांत फटाक्यांची दारू वाळत होती. मी करंज्यांचा डबा हातात धरून तसाच उभा राहिलो.

त्या गावात जन्मलेल्या नाकाला बारूद समुद्र वाटला, असं मी कोर्टात सांगितलं असतं तर न्यायाधीशानं मला बाहेर काढलं असतं. पेला तुझ्यापुढं आला तेव्हाच तू ओळखला होतास. आणि तू समुद्र म्हणालास की मी बारूद म्हणणार, हेही. बारूद ओळखायला तुला नाक लागलं. मला ओळखायला तेही लागलं नाही.

कळंबला मी बाटली पिशवीतून बाहेर काढली नाही.

ईरण्णा चांगला आहे. दोन वेळा जेवतो, तीन वेळा भांडतो. तुझ्या नाकाचा हेवा मला परवडत होता, व्यंकट, त्याची सवय झाली होती. आता मात्र राहून राहून तुझा त्या दिवशीचा चेहरा आठवतो. हरताना तू जितका स्वस्थ होतास, तितका मी जिंकतानाही नव्हतो. हा हेवा नवा आहे, आणि याला कुठं ठेवावं ते कळत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच. तालुकदारांच्या जागी आलेले नवे साहेब पीत नाहीत, त्यामुळं बिचाऱ्यांना कागद वाचून निकाल द्यावा लागतो आणि वेळ लागतो. चार खेटे घातले, विशेष काही नाही. तेरखेड्याजवळच्या येरमाळ्याच्या शाळेत तुझी बदली झाल्याचा हुकूम याच पाकिटात घडी करून ठेवला आहे. मावशींना मी सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग. मात्र लवकर नीघ. बूच अजून मिळालेलं नाही, आणि त्या बोळ्यातून रोज थोडा थोडा बारूद उडून जातो आहे. पेले दोनच मांडणार आहे. डावीकडचा तुझा.

तुझाच,
कल्याणप्पा