धोट्याला तोंड

४ फेब्रुवारी १९५७
गिरणीच्या साळखात्यात आमच्या ओळीत आज नवा बदली विणकर. दौलत. इतकी वर्षं कताईखात्यात होता. डिलाईल रोडला राहतो, गेल्या दसऱ्याला बौद्ध झालेला. हात चांगला चालतो. सुताची कांडी संपली, धोट्यात नवी बसवली, धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढला. सगळे असाच ओढतात. एकमेकांचे साचे-माग सांभाळताना एकच धोटा चार तोंडांना लागतो.
पांडू म्हणाला, "त्या धोट्याला आता आम्ही तोंड लावायचं काय रे?"
दौलत शांतपणे, "मी तुमच्या उष्ट्याला लावतोच की."
पांडूनं साच्याची काठी घेतली नि दौलतच्या डोक्यात घातली. कानामागे खोक. मी सूत दाबून धरलं, रक्त थांबेना.
पांडू माझा चुलतभाऊ. गावाहून मीच आणला, काम मीच शिकवलं. माझ्याच खोलीत राहतो, माझ्या बायकोच्या हातचं जेवतो.

५ फेब्रु.
आमच्या मुकादमानं, जॉबरनं, सगळ्यांना सांगून ठेवलंय, दौलतचा तेलावर पाय घसरला. कुणी हूं की चूं केलं नाही. मीसुद्धा.
संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची सभा. पांडूचा घसा बसला घोषणा देऊन. मराठी माणूस एक, मराठी माणूस एक. मी शेजारी उभा होतो, तोंड उघडवेना.

१० फेब्रु.
दौलतच्या घरी गेलो. टाके घातलेत. त्याच्या बायकोनं चहा दिला, घेतला. ती माझ्या कपाकडेच बघत होती, पितो की नाही. फार वाईट वाटलं.
दौलत म्हणाला, "कामावर येतो बाबूराव. पण परत काठी उगारणार नाय असं सांगणारा एक तरी माणूस आहे का तुमच्यात?"
बघतो म्हणालो. असलं उत्तर.

१३ फेब्रु.
डोकं चाललं एकदाचं. सायकलच्या तारेचा आकडा केला. धागा त्यानं ओढायचा. तोंड कुणाचंच लागणार नाही, भांडणच मिटलं. शिवाय कापसाची धूळ छातीत जाते ती थांबेल. आमचे वडील खोकूनच गेले.
खानावळीत ओळीतले सगळे बसवले. दोन गोष्टी ठरल्या. आकडा सगळ्यांनी वापरायचा. आणि कुणी हात उगारला तर सगळ्यांनी साचे थांबवायचे, मग तो कुणीही असो. पांडू कुरकुरला, वेळ जातो, कापड कमी निघतं, पगार तर विणलेल्या वारांवर. शेवटी हो म्हणाला. हायसं वाटलं.

१८ फेब्रु.
दौलत आला. आकडा हातात दिला. उलटसुलट करून बघितला.
"माझं तोंड लागेस्तवर हे कुणाला सुचलं नाय?"
सगळेच वापरणार आहेत, म्हणालो.
"बरं," म्हणाला, कामाला लागला.

२० फेब्रु.
कुणी वापरत नाही. प्रत्येकानं आपापला धोटा वेगळा काढलाय, खूण करून. तोंडानंच ओढतात. आकडा एकट्या दौलतच्या हातात. लांबून ओळखू येतो आता, तो कोण ते. मारामारी नाही म्हणून जॉबर खूष, माझी पाठ थोपटली.
आणि मी? दुपारी भानावर आलो तेव्हा धोटा माझ्याही तोंडातच होता. दौलत बघत होता.

२३ फेब्रु.
सुटल्यावर दौलत गेटबाहेर थांबला होता. आकडा माझ्या हातात परत दिला.
"तुम्ही चांगल्या मनानं केलंत. पण सोमवारपासून मी तोंडानंच ओढणार, धोटा कुणाचाही असो. माझ्या बाजूला उभे राहाल?"
पुन्हा डोकं फुटेल रे, म्हणालो.
"म्हणून तर विचारतोय."
हो म्हणालो.

२४ फेब्रु., रविवार
पांडूला सांगितलं, उद्या मी दौलतच्या बाजूला उभा राहणार. जेवणाआधीच, सरळ. तो म्हणाला, "दादा, माका शिकव नको. तू फक्त आडवो येव नको."
आलो तर, मी विचारलं.
हिनं दोघांची पानं वाढली, तर आज त्यानं आपलं पान उचलून दाराकडे नेलं नि तिकडे तोंड करून जेवला. दौलतच्या घरचा चहा प्यालो ते त्याला कुणीतरी सांगितलंय.
उद्या पहिली पाळी. रोज पांडूला मीच उठवतो.