सेनापतीचं ग्राफिक्स कार्ड

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

कॉम्प्युटर साफ केला. स्वतः. घरात दुसऱ्या कोणाला मी त्याला हात लावू देत नाही. टेबल पुढे ओढलं, सगळ्या वायरी काढल्या, ब्रशने धूळ झाडली, सगळ्या वायरी परत लावल्या. मॉनिटरची वायर पूर्वी खाली कुठेतरी वाकडी जायची. वरच्या बाजूला तसलीच एक जागा रिकामी होती, तिथे सरळ बसवली. आता कसं सुटसुटीत दिसतं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, टेबल परत भिंतीला लाव.

संध्याकाळ.

संताप. गेमला आज मोठा अपडेट आला आणि गेमचं वाटोळं झालं. चित्र अडखळतं. शत्रू दारात दिसतो, मी गोळी झाडेपर्यंत तो माझ्या पाठीमागे. पुन्हा पुन्हा मेलो आणि प्रत्येक वेळी अन्यायाने मेलो. अपडेटमध्ये म्हणे एक नवीन सोय आहे. आपण पडलो की उरलेला खेळ आपल्या सोबत्याच्या नजरेतून बघता येतो. मला काळा पडदा दिसला.

हे मुद्दाम करतात. गेम जड करायचा, म्हणजे चित्र वेगात चालावं म्हणून लोक झक मारत नवीन ग्राफिक्स कार्ड घेतात. मी बधणाऱ्यातला नाही.

पण रविवार वाया जाऊन चालणार नाही. मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून फोनवर तासभर आईशी बोलते. माझ्या वाट्याला एवढंच येतं, की बाबा बरा आहेस ना, आईला दे. रविवार संध्याकाळ मात्र माझी. आमची तिघांची टीम आहे. मी ‘सेनापती’. मुलगी ‘मलमपट्टी’, कारण ती पडलेल्या जखमींना औषध देऊन उठवते. तिसरी तिची रूममेट, ‘खारूताई’. किल्ल्यातला झेंडा आणायचा असतो. मी पुढे असतो, मुलगी कायम माझ्या मागे. लहानपणी बाजारात शर्टाचं टोक धरून चालायची, तशीच. सवय जात नाही.

२ फेब्रुवारी.

ऑफिसात डोकं फिरलं. एका गिऱ्हाइकाचा फोन, तुमचं फोटोकॉपी मशीन बंद पडलं, माणूस पाठवा. मी तक्रार विभागाचा सुपरवायझर आहे. पहिला प्रश्न ठरलेला असतो, वायरी नीट बसल्यात का. उत्तरही ठरलेलं, आम्ही कशालाच हात लावला नाही. माणूस पाठवला. प्लग काढून कोणीतरी पंखा लावला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो. जो म्हणतो हात लावला नाही, त्यानेच लावलेला असतो. अशा मूर्खांना मशीन विकूच नये.

जेवणाच्या सुट्टीत कॅशियरला विचारलं. तोही गेम खेळतो. म्हणाला, आत्ताच घ्या, किमती चढणार. संध्याकाळी साडूला फोन केला. तो म्हणाला, थांब.

साडू सगळ्यालाच थांब म्हणतो. लग्नालाही इतका थांबला की शेवटी मेहुणीनेच तारीख ठरवली. उंटावरचा शहाणा. म्हणजे आत्ताच घ्यायला हवं. निर्णय पक्का.

७ फेब्रुवारी, शनिवार.

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मार्चमध्ये नवीन मॉडेल येतंय, मग हे स्वस्त होईल.

थांबायचं ठरवलं. साडू म्हणाला म्हणून नाही. माझी कारणं वेगळी आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार.

हरलो. चित्र तसंच, लंगडत चालल्यासारखं. मुलीने हेडफोनवर सांगितलं, बाबा, तू जरा दाराशीच थांब. मी! सेनापती! दाराशी वॉचमनसारखा! थांबलो नाही. आत घुसलो. मेलो. काळा पडदा. थोड्या वेळाने उठलो तर मुलगी शेजारीच. म्हटलं, बघ, माझ्याशिवाय तुझं पान हलत नाही.

जेवताना बायको म्हणाली, तू तो साफ केल्यापासूनच हे सुरू झालं ना? तळपायाची आग मस्तकात गेली. जिला वायफायचा पासवर्ड मला विचारावा लागतो, तिने मला हे सांगावं? म्हटलं, अपडेटही त्याच दिवशी आला होता. ती नुसतीच म्हणाली, नाचता येईना.

पुढचं म्हणालीही नाही. तिच्याशी अबोला धरला. तिच्या लक्षात आला नाही, म्हणून झोपायच्या आधी सोडला.

१ मार्च, रविवार.

किमती वाढल्या! नवीन मॉडेल लांबलं म्हणे, त्यामुळे जुन्यालाच मागणी आली. दुकानदार तोंड वर करून म्हणतो, मी तेव्हाच म्हटलं होतं ना, घेऊन टाका. हा माणूस उद्या मलाच सांगेल की थांबायची कल्पना माझी होती. दुकानाबाहेर उभं राहून त्याच्या पाटीकडे रागाने बघत राहिलो. एक बाई मला विचारून गेल्या, दुकान बंद आहे का.

संध्याकाळी खेळच झाला नाही. मुलीचा अभ्यास होता. असा रविवारीच बरा अभ्यास निघतो.

८ मार्च, रविवार.

मुलीने सांगितलं, एप्रिलच्या शेवटी गेमची मोठी स्पर्धा आहे. टीमची नावं पाच एप्रिलपर्यंत द्यायची. मग अडखळत विचारलं, बाबा, तोवर तुझा कॉम्प्युटर ठीक होईल ना?

अडखळत विचारलं, हे लागलं. ती कधी अडखळत नाही. भांडतानासुद्धा नाही.

आता किमतीची, मॉडेलची, साडूची, कोणाचीही पर्वा नाही. घ्यायचं.

१४ मार्च, शनिवार.

घेतलं. विकलेलं कार्ड परत घेणार नाही, अशी पाटी काउंटरवर लावली आहे. म्हटलं, परत करायला येणारा माणूस वेगळा असतो.

स्वतः बसवलं. जुनं काढलं, त्याच जागी नवीन. मॉनिटरच्या वायरीला हातही लावावा लागला नाही. ती वरच्या बाजूला, वाटेबाहेर. माझी मांडणीच तशी आहे.

जुनं कार्ड बायको म्हणाली साडूला दे. दिलं. दान करताना माणसाने खरं बोलावं, म्हणून स्पष्ट सांगितलं, हे मेलेलं आहे, आशा ठेवू नकोस. तो म्हणाला, पदरी पडलं पवित्र झालं.

१५ मार्च, रविवार.

फरक नाही.

काही म्हणजे काहीही फरक नाही! तेच अडखळणं, तोच काळा पडदा. अंगाचा तिळपापड झाला. माउस आपटला. आता माउसही अडखळतो.

१६ मार्च.

ऑफिसातून परस्पर दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला फसवा म्हटलं. त्याने शांतपणे विचारलं, वायरी नीट बसल्यात का? हे मला! मी दिवसभर बावळटांना हाच प्रश्न विचारतो, हे त्याला सांगितलं. वर ठणकावलं, कार्ड सोडून मी कशालाही हात लावलेला नाही.

त्याने कार्ड स्वतःच्या मशीनमध्ये लावून दाखवलं. सुरळीत चाललं. त्याने काय सिद्ध होतं? त्याच्या दुकानातली वीज चांगली असेल. तो म्हणाला, कॉम्प्युटर घेऊन या, बघतो. म्हटलं, माझा कॉम्प्युटर माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

१७ मार्च.

नवीन मॉडेल जाहीर झालं. माझ्या कार्डाच्या दुप्पट वेगाचं, किंमत तीच. ही बातमी साडूने फोन करून दिली. हळुवारपणे दिली. तो हळुवारपणा मी विसरणार नाही.

२२ मार्च, रविवार.

साडूचा पुन्हा फोन. मेलेलं कार्ड त्याच्याकडे लोण्यासारखं चालतं म्हणे. मुलीनेच त्याला गेम शिकवला. नाव घेतलंय ‘निवांत’. एका कोपऱ्यात बसून राहतो आणि मरतच नाही. यात कसलं आलंय शौर्य?

माझ्याकडे वर्षानुवर्षं राहून ते कार्ड परक्याच्या घरी जाऊन चालावं? खाल्ल्या घरचे वासे मोजतंय.

आज माझी स्क्रीन मधेच गोठली, तेव्हा मुलीने काकाला बोलावून घेतलं. तात्पुरतं, असं म्हणाली. आयत्या बिळावर नागोबा. त्या डावात ते जिंकले. मी हेडफोन लावून बसलो होतो. तिघं मिळून इतके हसत होते. मी तिथे आहे हे विसरले असावेत. हेडफोन काढून ठेवला.

५ एप्रिल, रविवार.

टीमची नावं गेली. मलमपट्टी, खारूताई, निवांत. खाली लिहिलंय, राखीव खेळाडू सेनापती.

राखीव!

मुलीला लांबलचक मेसेज लिहिला. तुला सायकल कोणी शिकवली इथपासून सुरुवात केली. सगळा पुसला. ‘ठीक आहे’ एवढं पाठवलं. तिने बदाम पाठवला. राग येतोय असं लिहिणार होतो. पण खरं तर वाईट वाटतंय. रागाचा निदान उपयोग तरी होतो.

ठरवलं, गेम कायमचा सोडायचा. कॉम्प्युटर विकायचा. पण आत्ता विकावा की किंमत येईपर्यंत थांबावं?

११ एप्रिल, शनिवार.

मुलगी दोन दिवसांसाठी घरी आली. मी कार्ड कंपनी, गेम कंपनी, वीज कंपनी सगळ्यांचा उद्धार करत होतो. ती ऐकता ऐकता टेबलाखाली गेली. मी म्हटलं, हात लावू नकोस. तिने मागून विचारलं, बाबा, मॉनिटरची वायर इथे वर कधीपासून आहे?

म्हटलं, साफ केलं तेव्हा मीच नीट लावली.

ती म्हणाली, वरची जागा कार्डाची नाहीच, कॉम्प्युटरच्या साध्या चित्राची आहे. कार्डाची खाली आहे. इतके दिवस चित्र कार्डातून येतच नव्हतं. जुनं कार्ड नुसतं बसून होतं आणि नवीनही नुसतंच बसून आहे.

तिने वायर वरून काढली आणि खाली लावली. तेवढंच.

चित्र असं चाललं की बघवेना. दोन्ही जागा सारख्या करणाऱ्या कंपनीवर खटला भरायला हवा, असं मी म्हटलं. बायको दारात उभी होती. तिने नाचाचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मुलगी म्हणाली, काकाला नाही सांगत. मग विचारलं, उद्या खेळू या?

साडूने लगेच जागा दिली. मी थांबतो, म्हणाला. थांबण्यात त्याचा हातखंडाच आहे.

१२ एप्रिल, रविवार.

मुलगी बाहेर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन, मी माझ्या खोलीत, खारूताई तिकडे हॉस्टेलवर. चित्र काचेसारखं. आज कसलाच अडथळा नाही. आज दाखवतो, असं मोठ्याने म्हटलं आणि किल्ल्यात घुसलो.

पहिल्याच अंगणात पडलो. मला कोणी मारलं, कुठून मारलं, सगळं अगदी स्वच्छ दिसलं. तो समोरच उभा होता. मीच भलतीकडे बघत होतो.

आणि काळा पडदा आला नाही. मुलीच्या नजरेतून खेळ दिसायला लागला. ती झेंड्यापाशी पोचली होती. हात पुढे करायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात तिची नजर वळली. दूर अंगणाच्या मधोमध कोणीतरी आडवं पडलेलं दिसलं, वर नाव, सेनापती. तिने झेंडा सोडला. भिंतीचा आडोसा सोडला. गोळ्या खात उघड्यावरून धावत निघाली, तेही न अडखळता. रस्ता पाठ असल्यासारखी.

बाहेरून तिचा आवाज आला. हेडफोनमधूनही आला. बाबा, थांब हं, आले.

तेव्हा कळलं. ती माझ्या मागे मागे चालत नव्हती. मला उचलायला येत होती. प्रत्येक रविवारी, आणि म्हणून प्रत्येक रविवारी आम्ही हरत होतो. मी आडोशाला सरकणार होतो, म्हणजे तिला उघड्यावर यावं लागणार नाही. पडलेल्याला सरकता येत नाही. माझ्यापाशी पोचून तिने औषध काढलं आणि तीही पडली.

बाहेर ती हसली. म्हणाली, पुन्हा?

१३ एप्रिल.

मुलगी गेली. स्टेशनवर तिला म्हटलं, स्पर्धेत काकालाच घे, माझं ऑफिसचं काम आहे. तिला खोटं कळलं. तिने ते खरं मानून घेतलं, आणि शर्टाचं टोक ओढून म्हणाली, रविवारी मात्र यायचं.

येताना वाटेत दुकान लागतं. दुकानदार बाहेरच उभा होता. मी रस्ता ओलांडून पलीकडून आलो. माफी मागायची आहे, पण आत्ता मागावी की थांबावं, ते ठरत नाहीये.

नवीन कार्ड उत्तम चालतंय. इतकं स्वच्छ दिसायची मला गरज नव्हती.